पाण्याची वही

पहाटे ४.४०

टाकीचा कॉक वॉचमनदादा पावणेपाचला उघडतात, म्हणून मी पाच मिनिटं आधी उठते. नालासोपारा पूर्वेला आमच्या इमारतीत दिवसाआड पाणी, आणि तेही पाऊण तास. नळातून आधी नुसती हवा येते, मग गढूळ पाणी, मग धार. पिण्याचा हंडा, स्वयंपाकाची कळशी, मोरीतलं पिंप, शेवटी दोन बादल्या, असा क्रम ठरलेला आहे. सासूबाई हंड्याच्या तोंडावर फडकं बांधून देतात आणि पुन्हा आडव्या होतात.

ओट्याच्या कडेला खिळ्यावर एक वही टांगलेली आहे. तिच्यात लिहिते: सुरू ४.५१, बंद ५.३४, पिंप पाऊण. दीड वर्षापूर्वी एका रागाच्या सकाळी ही वही सुरू केली. पाण्याच्या वेळेवरून जिन्यात भांडण झालं होतं आणि कोणाचंच म्हणणं सिद्ध करता येत नव्हतं. आता तशाच वह्या माझ्या अकरा विद्यार्थ्यांच्या घरी आहेत. त्यांच्या वहीत सात रकाने आहेत: तारीख, पाणी कुठलं (नळ, टँकर, विहीर, बोअर), सुरू, बंद, किती भरलं, कोणी भरलं, आणि त्यामुळे काय राहून गेलं. शेवटचे दोन रकाने मी फार विचार करून घातले. लिटर मोजता येतात हे मुलांना ठाऊक असतं. आईची मोडलेली झोपही त्याच ओळीत लिहायची असते, हे सांगावं लागतं.

सकाळी ६.१०

स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा. नालासोपाऱ्याच्या फलाटावर चर्चगेटकडे जाणारी गाडी विरारहूनच भरून येते. बसायला जागा हवी असणारी माणसं आधी उलटी विरारला जातात आणि तीच गाडी धरून परत येतात. माझा प्रवास एकाच स्टेशनाचा, वसई रोडपर्यंत. तरीही दोन गाड्या सोडाव्या लागल्या.

तिसऱ्या गाडीत दारापाशी उभी असताना माझी एक विद्यार्थिनी भेटली. ती दुपारी अंधेरीला एका दुकानात काम करते. आज शनिवार, दिवसभराची फील्ड भेट आहे, म्हणून तिने कामावर खाडा केला आहे. त्या दिवसाचा पगार कापला जाणार. तिने वहीत ‘काय राहून गेलं’ या रकान्यात तेही लिहिलं आहे. ते पाण्यामुळे नाही, अभ्यासामुळे राहिलं, तरीही लिहिलं. मी तिला ते खोडायला सांगितलं नाही.

सकाळी ७.३०

कॉलेजात पोचले. या फील्ड भेटीमागे नवं शैक्षणिक धोरण आहे. त्यात पदवीचं चौथं वर्ष आलं. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा, नाहीतर चौथं करून ऑनर्स घ्या. मुख्य विषयाशिवाय इतर शाखांतले विषय आले आणि वर्गाबाहेरच्या कामालाही क्रेडिट आली. फील्डवरच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. आमच्याकडे दोन क्रेडिट, म्हणजे ६० तास. माझी ही मुलं दुसऱ्या वर्षाला आहेत आणि पुढे ऑनर्सपर्यंत जायचा त्यांचा विचार आहे. अर्थशास्त्राची तीन, रसायनशास्त्राची दोन, मराठीची दोन, राज्यशास्त्राची दोन, वाणिज्यची दोन. मी स्वतः अर्थशास्त्र शिकवते.

वेगवेगळ्या शाखांची मुलं एका खोलीत बसवली की सगळे विषय एकत्र येतात, असा माझाही समज होता. पहिल्या महिन्यात रसायनवाल्यांनी पाण्याचे नमुने तपासले, मराठीवाल्यांनी आजीच्या आठवणी लिहून घेतल्या, वाणिज्यवाल्यांनी टँकरच्या पावत्या जमवल्या आणि शेवटी सगळं स्टेपल केलं. टाचणीने जोडलेल्या पाच वेगळ्या वह्या झाल्या. त्यानंतर मी एक नियम केला, आणि आजही वर्गात तो पुन्हा सांगितला: पहिल्या भेटीत स्वतःच्या विषयाचं काम कोणी करायचं नाही. पाण्यातले क्षार मोजायचं मीटर मराठीवाल्याच्या हातात. म्हाताऱ्या माणसाशी बोलणार रसायनवाली. सातबारा वाचणार वाणिज्यवाला, आणि पावती-हिशेबाचे प्रश्न राज्यशास्त्रवालीने विचारायचे.

निघण्याआधी अर्धा तास एक जुनं पुस्तक काढलं. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजातले शेतीरसायनाचे माणूस. त्यांनी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि १९१७ साली तो पुस्तकरूपाने आला. माती, विहिरी, पाऊस यांच्याबरोबरच कर्ज, घरखर्च आणि जमिनीची वाटणी, सगळं एका गावाचं. १५६ खातेदारांकडे मिळून जमिनीचे ७२९ तुकडे होते आणि त्यांतले ४६३ एक एकराहूनही लहान होते. जमिनीचा कस पाहायला गेलेल्या माणसाला असं दिसलं, की कस बरा असला तरी इतक्या लहान तुकड्यावर कुटुंब उभं राहत नाही. अर्थतज्ज्ञाने हे सांगितलं असतं तर ‘तुम्हाला मातीतलं काय कळतं’ म्हणता आलं असतं. इथे मातीवालाच सांगत होता.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, पिंपळे सौदागर म्हणजे आता सगळे टॉवर आहेत ते?” हो, तेच. खोली जरा शांत झाली. वसईच्या मुलांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सकाळी ९.४०

गाडीने एक स्टेशन मागे येऊन नालासोपारा पश्चिमेहून निर्मळची बस. सोपाऱ्यातून जाताना मी नेहमी मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगते, जरी बघण्यासारखं रस्त्यावरून काही दिसत नाही. हे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथेच मिळाला. नवव्याचा तुकडा पुढे १९५६ साली भुईगावला सापडला, म्हणजे आज आम्ही जातो आहोत त्याच बाजूला. आठव्या लेखात काय आहे? आधीचे राजे शिकारीला, मौजेला बाहेर पडत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली. त्यात गावोगावच्या लोकांना भेटायचं, त्यांना सांगायचं आणि त्यांची विचारपूस करायची. बावीसशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कोणीतरी हे दगडात कोरून ठेवलं, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं. आमच्या ६० तासांचं नाव काहीही असो, मूळ काम हेच आहे. फक्त ‘सांगणं’ आम्ही वगळतो. राजाला विचारण्याबरोबर सांगण्याचीही मुभा होती. एकोणीस वर्षांच्या मुलांनी कोणाच्या ओटीवर जाऊन काही सांगू नये.

सकाळी १०.३०

निर्मळची जत्रा गेल्या महिन्यात झाली. तलावाच्या काठची वर्दळ ओसरली आहे आणि नाताळ जवळ आल्याने वाड्यांतल्या घरांवर कागदी तारे चढू लागले आहेत. भुईगावच्या वाटेवर एका वाडीत आम्ही थांबलो. माड, केळी, थोडी पानवेल, मधे विटांची विहीर आणि कडेला बावखल.

बावखल हा शब्द वसईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. समुद्राजवळच्या या पट्ट्यात माणसांनी पिढ्यान् पिढ्या खड्डे खणले. त्यातली माती काढून घराचं जोतं, वाडीची जमीन उंच केली आणि राहिलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी धरलं. त्यावर रहाट चालत, केळी-पानवेली भिजत, मासे मिळत. तळाचा गाळ उन्हाळ्यात काढून झाडांना घातला जाई. पावसाचं पाणी बावखलातून रेताड जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड्या राहतात. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर वर असेल, तर तिच्याखाली साधारण चाळीस मीटर गोडं पाणी असतं, असा भूजलशास्त्राचा ठोकताळा आहे. उलट बाजूने वाचला तर तो भीतिदायक आहे. वरचं पाणी एक मीटरने उतरलं की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकायला बघतं.

मराठीचा मुलगा मीटर घेऊन विहीर, बावखल, बोअर असे नमुने घेत फिरू लागला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. तो आकडा त्याने तळहातावर लिहून आणला होता.

रसायनशास्त्राची मुलगी वाडीतल्या आजोबांसमोर ओटीवर बसली. वय ऐंशीच्या पुढे, कान तल्लख. ती आधी अडखळली, कारण तिला नमुना घ्यायची सवय, माणसाला प्रश्न विचारायची नाही. मग तिने साधंच विचारलं, “आजोबा, हे पाणी खारं कधी लागलं?”

आजोबांनी वर्ष सांगितलं नाही. त्यांनी केळीचं पान सांगितलं. “आधी पानाची कड करपली. आम्हाला वाटलं रोग. मग चहा फाटायला लागला.” ऐंशीच्या दशकात स्टेशनाजवळ इमारती वाढल्या आणि त्यांना पाणी नव्हतं. टँकर या वाड्यांत येऊ लागले, विहिरींवर रात्रभर पंप चालू. मग हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, हजारो माणसं रस्त्यावर आली. त्या मोर्चाबद्दल बोलताना आजोबांचा आवाज चढला. आमची सगळी मुलं ऐकत होती. फादर २०२४ च्या जुलैत गेले, हे सांगताना आजोबा थांबले, आणि मीही खाली बघितलं. शाळेत असताना त्यांचं भाषण ऐकून घरी आल्यावर मी वडिलांना विचारलं होतं, की आपण ज्या इमारतीत राहतो तिचं पाणी कुठून येतं. माझ्या अर्थशास्त्राची सुरुवात तिथे झाली असं मी मानते.

इथे गोष्ट संपली असती. मुलांना आवडणारी, मलाही आवडणारी गोष्ट. एका बाजूला वाडी, दुसऱ्या बाजूला टँकर. पण पावतीचे प्रश्न राज्यशास्त्राच्या मुलीकडे होते आणि तिने ते प्रामाणिकपणे विचारले. “आजोबा, टँकरवाला एका खेपेचे किती द्यायचा?”

बराच वेळ कोणी बोललं नाही. आतून सूनबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग आजोबा म्हणाले, “आमच्या थोरल्या भावाने दोन वर्षं विकलं. बहिणीचं लग्न होतं.” आणि त्यानंतर जे म्हणाले ते मुलांनी शब्दशः उतरून घेतलं आहे: “बाई, पाणी विकणारा कोणी बाहेरून नव्हता आला.”

बावखलाचं एक टोकही भरलेलं आहे. तिथे पुतण्याचं घर आहे. वाणिज्यचा मुलगा उतारा घेऊन आला होता. त्यात बावखल असा शब्द कुठेही नाही. काही गुंठे पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य. ज्याने पाच पिढ्या वाडी भिजवली त्याला कागदावर खराबा हेच नाव. त्याने मला विचारलं, “मॅडम, ताळेबंदात मालमत्ता म्हणून जे दिसत नाही, ते विकलं की नुकसानही दिसत नाही ना?” मला वाटतं आजच्या दिवसातलं सगळ्यात तीक्ष्ण वाक्य हे होतं. ते जमाखर्च शिकलेल्या मुलाने उतारा वाचताना म्हटलं. मी कितीही व्याख्यानं दिली असती तरी ते आलं नसतं.

दुपारी १.१५

डबे ओटीवरच उघडले. सूनबाईंनी बोंबलाचं कालवण वाढलं. ज्यांना चालत नव्हतं त्यांनी लोणच्याशी पोळी खाल्ली. जेवताना प्रश्न विचारायचे नाहीत, हाही आमचा नियम आहे.

दुपारी २.४५

रेल्वे ओलांडून पूर्वेला. आचोळ्याच्या बाजूची एक चाळ, बारा खोल्या समोरासमोर, मधे बोळ. इथे आम्ही पुराच्या खुणा मोजतो. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं. लोकल बंद पडल्या, मिठागरातली माणसं अडकली, नालासोपाऱ्याला लांब पल्ल्याच्या गाडीतल्या प्रवाशांना बोटीतून काढावं लागलं. त्यानंतर महापालिकेने आयआयटी आणि नीरीच्या तज्ज्ञांची समिती नेमली. पाणी साठवणारे धारण तलाव हवेत असं तिने सुचवलं.

कोपऱ्यातल्या मावशींनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं, “अठरा साली इथपर्यंत.” अर्थशास्त्राच्या मुलाने टेप लावला. गुडघ्याच्या जरा वर. “आणि गेल्या पावसात?” पुन्हा तेवढंच. त्याने लिहिलं: पातळी सारखी. मी काही बोलणार इतक्यात मराठीची मुलगी म्हणाली, “मावशी, हा लादीचा रंग नवा आहे ना?”

नवा होता. अठरानंतर त्यांनी जमिनीवर भरणी करून लादी बसवली, वीतभर उंच. मधे आणखी एकदा उंबरा वाढवला. म्हणजे तेव्हाचं गुडघ्याएवढं आणि आजचं गुडघ्याएवढं हे वेगळे गुडघे आहेत. मग सगळ्या खोल्यांत हा प्रश्न विचारत गेलो. ज्यांना परवडलं त्यांनी भरणी केली, आणि शेजारच्या, न परवडणाऱ्या खोलीत पाणी जास्त चढलं. टेपने मोजलेली उंची आणि भरणीचा खर्च एका तक्त्यात मांडल्यावर चाळीतल्या कुटुंबांची ऐपत क्रमाने लावल्यासारखी दिसली. मावशींनी सिलिंडर कुठे चढवून ठेवतात, तांदळाचा डबा कुठे, शाळेची दप्तरं कुठे, ते एकेक करून दाखवलं. दप्तरं सगळ्यात वर होती.

संध्याकाळी ५.००

कॉलेजात परत. बाहेर दिवस कलतो आहे. वर्ग मिळाला नाही, म्हणून जिन्याखालच्या बाकांवर बसलो.

अर्थशास्त्राच्या मुलाने फळ्याऐवजी वहीच्या पाठीवर हिशेब केला. दहा गुंठ्यांचं बावखल, एक मीटर पाणी. गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर शंभर टँकर. “एक बावखल बुजवलं की शंभर टँकर पाणी जागा शोधत फिरतं आणि मावशींच्या घरात शिरतं,” तो म्हणाला. वाक्य असं की थेट अहवालाच्या पहिल्या पानावर जावं. दोघींनी ते उतरूनही घेतलं.

“नाही शिरत,” रसायनवाली म्हणाली.

तिने नकाशा पुढे ओढला. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, तिथून पाणी पश्चिमेला उतरतं. मधे महामार्ग, मग दाट वस्ती, मग रेल्वेचा बांध, त्याच्या पलीकडे सोपारा, गास, निर्मळ. निर्मळचं बावखल या पाण्याच्या वाटेवर शेवटी येतं. ते बुजल्याने आचोळ्यात पाणी चढत नाही. आचोळ्याला नडतात तिथल्याच बुजलेल्या सखल जागा, अरुंद नाले, रेल्वेखालच्या मोऱ्या, आणि भरतीच्या वेळी पाणी न घेणाऱ्या खाड्या. निर्मळचं बावखल बुजल्याने निर्मळच्या विहिरी खाऱ्या होतात. ही दोन दुखणी आहेत, एक नाही.

मुलगा हिरमुसला. पण मी आज दिवसभर या क्षणाची वाट बघत होते. दुसरा विषय आपल्याला उत्तर देतो ते थोडंच. आपलं घाईचं, सुंदर उत्तर तो अडवतो, आणि हे त्याचं मोठं काम. आजोबांच्या गोष्टीला पावतीच्या प्रश्नाने अडवलं. टेपला लादीच्या रंगाने. आता शंभर टँकरच्या वाक्याला उताराच्या नकाशाने. खरं तर हे मला माझ्याच शिक्षणात कोणी शिकवलं नाही. एम.ए.च्या दोन वर्षांत मी एकदाही नकाशा उघडला नव्हता.

हिशेब वाया गेला नाही. शंभर टँकर हा आकडा धारण तलावाच्या प्रकरणात गेला. असा तलाव पूर्वेला केला तर किती पाणी धरेल, हे लोकांना कळेल अशा मापात सांगायला तो उपयोगी आहे.

मग सूर्याच्या पाण्यावर वाद. सूर्या प्रकल्पाच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारच्या वाट्याला दिवसाला १८५ दशलक्ष लिटर येतात, उरलेले मीरा-भाईंदरला. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे माप धरून भागाकार केला तर एवढ्यात साधारण १३ लाख ७० हजार माणसांचं भागतं, आधीच्या योजनांचं पाणी वेगळं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आणि आज ती त्याच्या किती पुढे गेली असेल ते फलाटावर दिसतं. एकीने विचारलं, “मग आपल्या वह्यांत पाऊण तासच का?” राज्यशास्त्रवाली म्हणाली, त्याच्या आधीचा प्रश्न विचारा. सूर्या नदीवरचं धामणीचं धरण मुळात कशासाठी बांधलं? डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीसाठी, म्हणजे मुख्यतः आदिवासींच्या शेतीसाठी. तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी शहराकडे वळवण्याला विरोध केला. वाडीतून टँकर जाताना वसईकर रस्त्यावर आले होते. सूर्येचं पाणी येताना वसईकर नळाखाली हंडा लावून उभे आहेत. यात माझा हंडाही आहे. मी तसं म्हटलं आणि ते वाक्यही नोंदीत घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी ६.३०

सगळे गेले. एक मुलगी थांबली. गाडीत भेटलेलीच.

तिचं घर पाडलेल्या ४१ इमारतींपैकी एकीत होतं. नालासोपारा पूर्वेची ती जमीन विकास आराखड्यात कचराभूमी आणि सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पासाठी राखीव होती. बनावट कागदपत्रांवर तिथे इमारती उभ्या राहिल्या, खोल्या विकल्या गेल्या. २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पाडकाम पूर्ण झालं, सुमारे अडीच हजार कुटुंबं बाहेर पडली. तिच्या वडिलांनी गावची जमीन विकून खोली घेतली होती. आता ते तिघं नातेवाइकांकडे आहेत. तिने शिक्षण सोडायचं ठरलं होतं, ते आईने मोडून काढलं.

अहवालात घरांवर एक प्रकरण आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून मुलांना ते हवंच होतं. कोणीतरी तिला सुचवलं होतं, की तुझ्याच घराची केस घे, माहिती आयती आहे.

“मॅडम, माझं घर नमुना म्हणून नको,” ती म्हणाली.

मी लगेच हो म्हटलं. तिला समजावणं, धीर देणं, लिहिण्याने मन हलकं होतं वगैरे सांगणं, यातलं काही करायचं नाही हे मी वर्षापूर्वीच ठरवलं आहे. ज्याचं दुःख आहे त्यानेच त्याचा पुरावा द्यावा, असा अभ्यासाचा हक्क नसतो.

ती उठली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मला आराखडा वाचायचा आहे. नुसता वाचायचा. कुठल्या रंगाचा अर्थ काय, गट नंबर कसा शोधायचा, हरकत कधी घेता येते. पप्पांना खोली दाखवली तेव्हा हे वाचता येणारं आमच्यात कोणी नव्हतं.”

मी कपाट उघडलं. २००७ साली मंजूर झालेल्या आराखड्याच्या प्रती मोठ्या खेपा घालून मिळवल्या आहेत, घड्यांवर फाटू लागल्या आहेत. आम्ही दोघींनी त्या बाकावर पसरल्या. निवासी, हरित, आरक्षण, रस्त्याची रेषा, खाडीची रेषा. तिने बोट ठेवून आचोळे शोधलं, मग तुळिंज. आपली जागा शोधली की नाही, मी पाहिलं नाही. तासाभराने शिपाईकाका किल्ल्या घेऊन आले. तिने विचारलं, आराखडा कसा वाचावा यावर दोन पानं लिहून काढली तर चालतील का, मराठीत, घर घेणाऱ्या माणसासाठी. अहवालात कुठे बसतील ते मला सांगता आलं नाही. लिही म्हटलं.

रात्री ९.३०

जेवण झालं, भांडी सासूबाईंनी थोड्या पाण्यात विसळून ठेवली. मी अकरा वह्या घेऊन बसले. ‘कोणी भरलं’ या रकान्यात आई, आई, ताई, आई, मी. ‘मी’ लिहिणाऱ्या बहुतेक मुली. वाणिज्यच्या मुलाच्या वहीत दुसऱ्या आठवड्यापासून ‘मी’ सुरू झालं आहे. त्याच्या समोर काही शेरा नाही, मीही लिहिला नाही. एका वहीत पाणी आलं नाही त्या दिवसांची ओळच नाही. त्यावर लाल शाईने लिहिलं: न आलेलं पाणीही नोंदव, तारखेसह.

रात्री १०.५०

वह्या आवरताना फोन वाजला. सकाळी मीटर घेऊन फिरलेला मुलगा.

“मॅडम, एक चूक झाली. रसायनवाली म्हणाली होती दर नमुन्यानंतर मीटरचं टोक शुद्ध पाण्याने धुवायचं. मी पहिल्या दोन वेळा धुतलं, नंतर विसरलो. बोअरचं खारं पाणी घेतल्यावर तसंच विहिरीत बुडवलं. आकडे चुकले असतील.”

“किती नमुने?”

“नऊ.”

त्याने हे तिला सांगितलं का, विचारलं. आधी तिलाच सांगितलं होतं. ती रागावली का? नाही, म्हणाला, ती म्हणाली आजोबांच्या मुलाखतीत तीही दोन प्रश्न विसरली आहे, दोन्ही एकदमच करू.

उद्या रविवार. पहिली बस साडेसहाच्या सुमारास असते. आजोबा सकाळची मिसा आटोपून आठपर्यंत घरी येतात, म्हणजे आधी नमुने, मग ओटी. मी दोघांनाही निरोप पाठवला, शुद्ध पाण्याच्या दोन बाटल्या प्रयोगशाळेतून आणायच्या राहिल्यात, त्या स्टेशनाजवळच्या औषधाच्या दुकानातून घेऊन येते. उद्या आमच्याकडे पाण्याचा दिवस नाही, गजर साडेपाचचा लावला. वहीत उद्याची तारीख लिहून ‘पाणी नाही’ असं आताच लिहिणार होते, पण थांबले. ते उद्याच लिहायचं.